महागडा प्रोसेसर घेऊ, की स्वस्तातलाच ताणू?

प्रश्न : नमस्कार दादा, मी अकोल्याचा, लग्नाचं एडिटिंग करतो, घरातच वरच्या खोलीत सेटअप आहे. मशीन २०१९ अखेरचं, बी४५० बोर्ड, रायझन ५ २६००, १६ जीबी रॅम, १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. प्रीमियर आणि आफ्टर इफेक्ट्स दोन्ही चालतं, पण लग्नसराईत एकेका एक्स्पोर्टला ताटकळत बसावं लागतं. बोर्ड तेच ठेवून फक्त प्रोसेसर बदलायचाय. दुकानदार म्हणतो रायझन ७ ५७००एक्स घे. मित्र म्हणतो कशाला, रायझन ५ ५६०० घे आणि ओव्हरक्लॉक कर, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालव, पाच हजार वाचतील आणि स्पीड तेवढाच मिळेल. मी आजवर कधी ओव्हरक्लॉक केलेलं नाही. काय करू?

उत्तर : ५७००एक्स घे. आधी उत्तर देऊन टाकलं कारण तुझं काम अडलंय, पण त्यामागचं कारणही नीट समजून घे, कारण अजून चार-पाच वर्षांनी चिपांची नावं बदललेली असतील आणि प्रश्न मात्र हाच असेल.

महाग आणि स्वस्त चिप समोर आली की पहिलं हे बघायचं की वरचे पैसे नेमके कशाचे मागतायत. ५६०० मध्ये ६ कोअर १२ थ्रेड, बूस्ट म्हणजे सगळ्यात वरचा क्लॉक (वेग) ४.४ गिगाहर्ट्झ. ५७००एक्स मध्ये ८ कोअर १६ थ्रेड, बूस्ट ४.६. एल३ कॅश, म्हणजे चिपच्या आतली झटपट मेमरी, दोन्हीत ३२ एमबी, दोन्ही ६५ वॅटच्या, दोन्ही तुझ्या एएम४ सॉकेटमध्ये बसतात. म्हणजे तुझे पाच हजार क्लॉकसाठी नाही जात, ते जातात दोन जास्तीच्या कोअरसाठी, आणि ओव्हरक्लॉक करून क्लॉक वाढतो, कोअर वाढत नाहीत. लग्नातली पंगत तू सीझनभर बघतोस. सहा वाढपी आहेत, त्यांना जरा पाय उचला म्हटलं तर पंगत थोडी आधी उठेल, पण आठ वाढपी असले की जो फरक पडतो तो वेगळाच. मित्र तुला सहा जणांना पळवायला सांगतोय.

आता आकड्यात बघू. ५६०० ला ताणून ताणून ४.६, फार तर ४.६५ पर्यंत नेता येतं, म्हणजे चार-पाच टक्के. सगळे कोअर कामाला लागतात अशा रेंडरमध्ये ५७००एक्स काहीही न छेडता ५६०० पेक्षा साधारण वीस ते पंचवीस टक्के पुढे असतो. एक तासाचं रेंडर धर. ताणलेला ५६०० ते सत्तावन्न मिनिटांत देईल, ५७००एक्स पन्नासच्या आत देईल. आफ्टर इफेक्ट्स आता एकाच वेळी अनेक फ्रेम वेगवेगळ्या कोअरवर रेंडर करतं त्यामुळे तिथे हा फरक तुला रोज दिसेल. प्रीमियरच्या एक्स्पोर्टमध्ये बरंचसं काम तुझं ग्राफिक्स कार्ड करतं, तिथे एवढा दिसणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो म्हणजे नंतर फसल्यासारखं वाटायला नको.

आणि ते चार-पाच टक्के फुकट नसतात. चिप जास्त क्लॉकवर स्थिर राहावी म्हणून व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि चिप जी वीज खाते ती क्लॉकच्या प्रमाणात वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.४ चं ४.६ केलं आणि त्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.३५ करावं लागलं असं समज, तर स्पीड वाढला साडेचार टक्के आणि वीज वाढली जवळजवळ बावीस टक्के. ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन तुझ्या खोलीतच येणार.

इथे तुझ्या अकोल्याचा मुद्दा येतो, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण व्हिडिओत कोणी तो सांगत नाही. प्रोसेसर टेस्ट करणारे लोक एसी खोलीत बसलेले असतात, बावीस-तेवीस अंशात. कूलर काय करतो, तर चिपची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो, तो खोलीपेक्षा थंड काही करू शकत नाही. त्यांच्याकडे चिप ७५ अंशांवर दिसली म्हणजे ती खोलीपेक्षा त्रेपन्न अंश वर होती. मे महिन्यात बाहेर ४४-४५, तुझी खोली वरची, स्लॅब दिवसभर तापलेला, आत पंख्याखाली ३८-४० सहज. त्यात त्रेपन्न मिळव. या चिपा नव्वदच्या आसपास पोचल्या की स्वतःच क्लॉक खाली आणतात, म्हणजे तू डिसेंबरमध्ये मेहनतीने कमावलेला स्पीड ऐन लग्नसराईत, एप्रिल-मेमध्ये, जेव्हा खरी गरज असते तेव्हाच निघून जातो.

शिवाय २०१९ चं बी४५० बोर्ड. केसचं झाकण काढ आणि प्रोसेसरच्या डाव्या बाजूला बघ, काळ्या छोट्या चिपांची उभी रांग असते, प्रोसेसरला वीज तिथून जाते. त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी बसवलेली आहे का? स्वस्त बोर्डांवर नसते, चिपा उघड्याच असतात. तशा बोर्डवर साध्या सेटिंगला काही अडचण नाही पण ओव्हरक्लॉक करून दोन-दोन तास रेंडर लावलं तर आधी ती रांगच तापते.

मी हे ओव्हरक्लॉकचा तिटकारा म्हणून सांगत नाहीये. २०१७ मध्ये मी स्वतः रायझन ७ १७०० घेतला, १८००एक्स नाही घेतला. अमेरिकेत तेव्हा एकाची किंमत ३२९ डॉलर होती, दुसऱ्याची ४९९, आणि दोन्हीत आठच कोअर, थ्रेड तेवढेच, कॅशही तेवढीच, फरक फक्त क्लॉकचा. तिथे स्वस्त चिप घेऊन ताणणं हाच शहाणपणा होता आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पण पुढचं ऐक. पुढच्या वर्षी जानेवारीत मी सगळ्या कोअरना ३.९ वर सेट केलं, टेस्ट रात्रभर चालवली, पास. एप्रिलमध्ये मावसभावाच्या लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट केला, मशीन बंद पडलं नाही, एरर आली नाही, फाईल पूर्ण तयार झाली, मी न बघता पेनड्राइव्हमध्ये टाकून दिली. मावशीने टीव्हीवर लावला तेव्हा सप्तपदीच्या मध्येच अर्धा सेकंद हिरवे-गुलाबी चौकोन उमटले आणि गेले. टाईमलाइनवर तसं काहीच नव्हतं. ३.७ वर आणून पुन्हा एक्स्पोर्ट केला तर साफ निघाला. घरचा मामला होता म्हणून निभावलं. मशीन हँग झालं तर निदान कळतं तरी, पण अस्थिर ओव्हरक्लॉक कधीकधी गपचूप चुकीचा हिशोब करतो आणि पुढे जातो, ते पैसे घेऊन काम करणाऱ्याला परवडत नाही. तुझ्या गिऱ्हाइकाचं लग्न पुन्हा होणार नाहीये.

आता खरेदीचं. ५६०० च्या खोक्यात कूलर येतो, ५७००एक्स च्या खोक्यात येत नाही, हे दुकानदाराने सांगितलंय का विचार. तुझ्या २६०० बरोबर आलेला छोटा कूलर त्यावर बसेल पण अकोल्याच्या उन्हाळ्यात मी तो लावणार नाही, दीड-दोन हजारांचा उभा टॉवर कूलर घे. म्हणजे तुझा फरक पाच नाही, सात हजार धर. पण मित्राचं ऐकून ५६०० ताणायचा म्हटलं तरी त्यालाही टॉवर कूलर लागणारच, त्या छोट्यावर ओव्हरक्लॉक होत नसतो, म्हणजे तुलना पुन्हा पाच हजारांवरच येते.

बिल करताना खोक्यावरचं नाव अक्षर न् अक्षर वाच. नुसता ५७०० नावाची पण चिप आहे, एक्स नसलेली, तिच्यात एल३ कॅश निम्मी म्हणजे १६ एमबी आहे. आणि ५७००एक्स३डी म्हणून तिसरी आहे, तिच्यात ९६ एमबी कॅश पण क्लॉक कमी, ती गेम खेळणाऱ्यांसाठी मस्त, तुझ्या कामाची नाही.

घरी आणल्यावर लगेच जुना प्रोसेसर काढू नकोस!! आधी २६०० वरच मशीन चालू करून बोर्डचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, नवा कर, २०१९ च्या बायोसला ५००० सीरिज ओळखताच येत नाही, स्क्रीन काळी राहील आणि तू म्हणशील चिप खराब आली. कंपनीच्या साईटवरून तुझ्या बोर्डच्या नेमक्या मॉडेलची फाईल घे, पेनड्राइव्हवर टाक, बायोसमध्ये जाऊनच अपडेट कर. आणि हे काम यूपीएसवर कर, कारण अपडेट अर्ध्यात असताना लाईट गेली तर बोर्ड उठत नाही. यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर ज्या वेळी तुमच्याकडे लाईट टिकते ती वेळ बघून कर.

मग उरलं ताणायचं. ओव्हरक्लॉकच्या उलटं कर, व्होल्टेज कमी कर. बऱ्याच बी४५० बोर्डांच्या नव्या बायोसमध्ये पीबीओ (बूस्टची हद्द वाढवणारं एएमडीचं सेटिंग) असतं, त्याखाली कर्व्ह ऑप्टिमायझर असतो, तिथे सगळ्या कोअरना उणे १० दे. चिप तेवढ्याच वॅटमध्ये थोडी जास्त पळते. आठवडाभर वापर, विशेषतः मशीन नुसतं बसलेलं असताना रीस्टार्ट होतंय का बघ, कारण हे सेटिंग जास्त झालं तर रेंडरमध्ये टिकतं आणि रिकाम्या वेळी पडतं. तसं झालं तर उणे ५ वर ये. आणि लग्नसराईच्या मध्यात यातलं काही करू नकोस, आषाढात कर.

रॅमबद्दल तू विचारलं नाहीस पण मला विचारशील तर अर्धं दुखणं तिथे आहे. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघड, स्पीड काय लिहिलाय? रॅमच्या पाकिटावर ३२०० असेल आणि तिथे २१३३ किंवा २४०० दिसत असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडला चालवणारं सेटिंग, चालू केलेलं नाहीये, इतकी वर्षं तू हळू रॅमवर काम केलंस. ते चालू कर, पैसे लागत नाहीत. आणि १६ ची ३२ कर. आफ्टर इफेक्ट्स कोअरगणिक रॅम मागतं, आठ कोअर देऊन रॅम १६ च ठेवली तर त्यातले काही नुसते बसून राहतील.

एक शेवटचं. तुझ्या कॅमेऱ्याचं फुटेज एच.२६५ मध्ये १०-बिट ४:२:२ असेल तर टाईमलाइन अडकते त्याचं कारण वेगळं आहे, ते फुटेज १६६० सुपरला उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या, आत ग्राफिक्स असलेल्या चिपा ते सहज करतात, पण त्यासाठी बोर्डही बदलावं लागेल, म्हणजे खर्च दुप्पट. तुला ते आत्ता करायची गरज नाही. रात्री झोपताना प्रॉक्सी बनवायला लाव, सकाळी हलक्या फाईलींवर एडिट कर, एक्स्पोर्टला मूळ फुटेज आपोआप जोडलं जातं.

प्रश्न : तुमचं सदर नेमाने वाचतो. गेल्या अंकातही तुम्ही एकाला ओव्हरक्लॉक करू नको म्हणालात. आम्ही १९९९ मध्ये लॅमिंग्टन रोडवरून सेलेरॉन ३००ए आणला आणि ४५० वर चालवला, चार वर्षं काही झालं नाही. तेव्हा जमत होतं ते आता का जमू नये? आताच्या मुलांना उगाच घाबरवताय असं वाटतं. — डोंबिवली

उत्तर : काका, तुमची चिप खरंच तशी होती, तुम्ही ती निवडली यात तुमची नजर दिसते. सेलेरॉन ३००ए चा मल्टिप्लायर साडेचारवर पक्का, बस म्हणजे बोर्डचा मूळ क्लॉक ६६ चा, ६६ गुणिले साडेचार म्हणजे जवळपास ३००. ४४०बीएक्स बोर्डवर बस १०० ची केली की तोच साडेचार गुणून ४५०, एका झटक्यात पन्नास टक्के. ज्यांच्या बोर्डवर सेटिंग नव्हतं ते चिप ज्या कार्डावर यायची त्याच्या बी२१ पिनवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावायचे, तेवढ्याने बोर्डला वाटायचं की ही १०० ची चिप आहे. आणि तिची १२८ केबी कॅश चिपच्या आतच, पूर्ण स्पीडने चालणारी, तर पेंटियम २ ४५० ची ५१२ केबी असली तरी बाहेर, निम्म्या स्पीडने. त्यामुळे गेममध्ये दोघं बरोबरीने पळायचे आणि किमतीत चौपटीहून जास्त फरक होता. त्या काळी मीही तेच केलं असतं.

पण ते का जमलं, तर कंपनीने ३०० लिहून जी चिप विकली तिच्यात ४५० ची ताकद आधीपासूनच होती, फक्त स्वस्त माल म्हणून दाबून ठेवली होती. तुम्ही ती मोकळी केलीत. नंतर २००८ च्या कोअर आय७ पासून टर्बो बूस्ट आलं, चिप स्वतःच तापमान आणि वीज बघून क्लॉक वर नेऊ लागली. २०११ मध्ये इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीत बसशी बाकी सगळं बांधलं गेलं, बस वाढवली की बाकीचं गडबडतं, मग इंटेलमध्ये खरं ओव्हरक्लॉक मुख्यतः के अक्षरवाल्या महाग चिपांना उरलं. एएमडीने २०१७ ला रायझनचे मल्टिप्लायर सगळ्यांना उघडे ठेवले ही मोठी गोष्ट, पण त्यांचीही बूस्ट वर्षागणिक इतकी हुशार होत गेली की हाताने करायला फारसं शिल्लकच राहत नाही. तुमच्या वेळी पन्नास टक्के पडून होते, आता पाच आहेत. ते पाच टक्केही वॉरंटीत बसत नाहीत, ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान दोन्ही कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत.

म्हणून मुलांना मी घाबरवत नाही, जिथे क्लॉकचाच फरक आहे तिथे आजही स्वस्त घ्या म्हणतो. ५६०० आणि ५६००एक्स घ्या, दोन्ही ६ कोअर, दोन्ही ३२ एमबी, फरक २०० मेगाहर्ट्झ. एक्ससाठी मी कोणाला जास्तीचा रुपया देऊ देत नाही, पीबीओ चालू केलं की तेवढं अंतर भरून निघतं. तुमची ती चिप अजून जपून ठेवली असेल तर तिचा फोटो पाठवा, पिनवर पट्टीची खूण असली तर फारच छान.

प्रश्न : दादा मी सांगलीला इंजिनिअरिंगला आहे. इंटेल १२४००एफ आणि बी६६० बोर्ड आहे. गेममध्ये एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात तो आकडा) कमी वाटतात म्हणून ओव्हरक्लॉक करायला बायोस उघडला तर मल्टिप्लायर वाढवायचा ऑप्शनच दिसत नाही. बोर्ड खराब आहे का? की के वाला प्रोसेसर घ्यावा लागेल?

उत्तर : बोर्ड ठणठणीत आहे. १२४००एफ चा मल्टिप्लायर कंपनीतूनच लॉक येतो आणि बी६६० वर कोअरचं ओव्हरक्लॉक तसंही होत नाही, रॅमचं होतं. २०२२ च्या सुरुवातीला काही मोजक्या बोर्डांवर बस वाढवून अशा लॉक चिपा पळवता आल्या होत्या, पण त्या बोर्डांना वेगळी क्लॉकची चिप लागते, तुझ्याकडे ती असण्याची शक्यता फार कमी, त्या नादाला लागू नकोस. के वाली चिप घेतलीस तर तिचा क्लॉक वाढवायला झेड सीरिजचं बोर्डही घ्यावं लागेल, कूलरही, आणि एवढं करून एफपीएस वाढतीलच असं नाही.

आधी हे बघ की अडतंय कुठे. गेम सुरू कर, एकाच जागी उभा राहून एफपीएसचा आकडा लिहून ठेव. मग बाकी काही न बदलता रेझोल्युशन १०८० वरून ७२० वर आण आणि त्याच जागी पुन्हा बघ. आकडा तेवढाच राहिला तर प्रोसेसर अडतोय, मग एक्सएमपी चालू आहे का ते बघ, रॅमची एकच काडी असेल तर तशीच दुसरी टाक, एवढ्यानेही बराच फरक पडतो. आकडा चांगला वाढला तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा आहे, त्यासाठी पैसे साठव आणि तोवर १२४००एफ आहे तसा राहू दे.